शिक्क्याचा मान

हाफोद-वेन या घरच्या मेंढरांची कातरणी जुलैच्या पहिल्या मंगळवारी. घरधनी इमरिसच्या आजोबापासून तो दिवस ठरलेला. पत्र नाही, निरोप नाही; पाऊस नसला की डोंगराच्या दोन्ही अंगांची बारा घरं आपापली कातर घेऊन सकाळी सातला आवारात हजर. कुणाकडचा एक, कुणाकडचे दोन. ज्याने जितके हात पाठवले, त्याच्या दिवशी त्याच्याकडे तितकेच हात पाठवायचे. ही सावड कुणी कागदावर मांडत नाही आणि कुणी विसरतही नाही.

यंदा कातरायला राहिलं होतं काय, हाच प्रश्न होता. वेल्सच्या त्या डोंगरांवर जानेवारीत बसलेलं बर्फ मार्च सरता सरता उठलं, तेव्हा सहाशेंतली दोनशे दहा मेंढरं पायांवर उभी होती. बाकीची दगडी बांधांच्या आडोशाला, जिथे आसऱ्याला गेली तिथेच, एकमेकींची लोकर ओरबाडून खात खात मेली होती. इमरिसने एप्रिलभर ती ओढून खड्ड्यात घातली आणि त्यातच त्याचा खुबा कामातून गेला. त्याच एप्रिलात, एका बुधवारच्या बसने, लढाईत भाजलेला त्यांचा मुलगा येस्टिन घरी आला. दोन वर्षं इंग्लंडातल्या इस्पितळात काढून आणि अकरा वेळा ऑपरेशनच्या टेबलावर झोपून. ड्रायव्हरने त्याचं तिकीट त्याच्या कोटाच्या खिशात स्वतःच घातलं होतं, आणि उतरल्यावर ते बाहेर काढायला येस्टिनला रस्त्यात बराच वेळ उभं राहावं लागलं. त्याची आई नेस्टा फाटकापाशी उभी राहून ते बघत होती. मदतीला जावं की न जावं, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं आणि अजूनही कळत नव्हतं.

रोज सकाळी दूध काढून झालं की मायलेक स्वयंपाकघरात समोरासमोर बसत. मधे लोकरीच्या तेलाची वाटी. इस्पितळातल्या मोठ्या नर्सने सांगून ठेवलं होतं की दिवसातून दोनदा तेल चोळायचं, एकेक बोट उलगडायचं, वीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं. नाहीतर कातडी आखडते आणि मूठ कायमची मिटते. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं शाबूत होती, पुढची दोन पेरांवरच संपलेली. डावा हात सगळा होता, पण पक्ष्याच्या पंजासारखा आत वळलेला. मांडीची कातडी काढून हातांवर लावली होती. ती गुलाबी, चकचकीत आणि दुसऱ्याच कुणाचीतरी वाटायची.

"सतरा, अठरा," नेस्टा मोजायची. येस्टिनच्या कपाळावर घाम यायचा, पण तो तोंडातून शब्द काढायचा नाही. चुलीजवळ ऊब होती, तरी तो बसायचा दाराशी, वाऱ्यात. नव्या कातडीला ऊन आणि धग सोसत नाही, असं नर्स म्हणाली होती, म्हणून नेस्टाने त्याची खुर्चीच दाराशी ठेवली होती. पोराला काय सोसतं आणि काय नाही याची तिच्याकडे यादी होती आणि त्या यादीचा तिला थोडा अभिमानही होता. उन्हासाठी रुंद काठाची टोपी, कॉलर घासते म्हणून आतून फ्लॅनेल, कप जड होतो म्हणून पातळ पत्र्याचा पेला.

माणसांचं मात्र काही यादीत बसत नव्हतं. चॅपलमध्ये, रविवारच्या प्रार्थनेला, त्यांच्या बाकावर चौघं मावायची. आता ती तिघंच बसत आणि चौथी जागा रिकामी राहायची. "पोराला ऐसपैस बसू दे," असं लोक म्हणत. जूनमध्ये कातरण्या सुरू झाल्या तेव्हा प्रत्येक जण इमरिसला बाजूला घेऊन सांगत होता, "तू एकटाच ये. पोराला ताण नगं. तुझा एक हात आमाला दोनासारखा." सगळी चांगली माणसं. त्यांच्या चांगुलपणाने येस्टिन दिवसेंदिवस दाराकडे आणखी सरकत होता, आणि हे नेस्टालाच दिसत होतं.

जूनच्या अखेरीस इस्पितळातून पत्र आलं. इंग्लंडात एका गावी जखमी सैनिकांसाठी कारखाना होता. ब्रश बनवायचे, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं. जागा ठेवली आहे, पंधरा जुलैच्या आत कळवावं.

"तिथं समदी माझ्यासारखीच असतील," येस्टिन म्हणाला. "कुनी बघायचं न्हाई."

"हितं कोन बघतंय तुज्याकडं?" इमरिस म्हणाला.

"त्येच तर. हितं बी कुनी बघत न्हाई, बा. समदी बुटाकडं बघून बोलत्यात."

इमरिसने पाईप पेटवायला घेतला आणि न पेटवताच ठेवून दिला.

नेस्टा रात्रभर जागी होती. सकाळी उठली तेव्हा तिच्या डोक्यात तोड निघालेली होती. कातरलेल्या मेंढीच्या अंगावर घराच्या अक्षराचा शिक्का मारतात. तीन दगडांवर डांबराचं भांडं, खाली पीटचा, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या ढेकळांचा, विस्तव. लोखंडी शिक्का डांबरात बुडवायचा, उघड्या पाठीवर टेकवायचा, उचलायचा. पकडून ठेवायला दुसरी माणसं असतात. एका हाताचं काम, आणि ते घरधन्याचं. शिक्क्यापाशी जो उभा, तो पुढे हाफोद-वेनचा मालक, हे बारा घरांना सांगायला लागत नाही. येस्टिनला लढाईआधी इमरिसने दोन वर्षं शिक्का दिला होता. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि डांबर किती तापलंय ते नुसत्या वासावरून सांगायचा.

"एकदा त्येला लोकांनी शिक्क्यापाशी बघितलं की संपलं," ती इमरिसला म्हणाली. "मंग कोन म्हनंल एकटाच ये?"

"त्येच्या मुठीत काय ठरतंय का?"

"ठरंल. मी ठरवते."

जुन्या घोड्याच्या सरंजामातलं चामडं तिने भिजवून मऊ केलं. मनगटाला दोन बकलं आणि तळहातावर पट्टा शिवला. पट्ट्यात शिक्क्याची मूठ अडकवून वरून मेणदोऱ्याचे दुहेरी टाके घातले. काहीही झालं तरी शिक्का हातातून पडायचा नाही. बारा घरांसमोर पोराच्या हातातून काही खाली पडलेलं तिला सोसणार नव्हतं.

येस्टिनने पट्टा उलटसुलट करून बघितला. थंड शिक्का बांधून गोठ्याच्या दारावर दहा-बारा वेळा मारून बघितला. मग हसला. उजवीकडचा ओठ ओढला जातो म्हणून अर्धाच हसला, पण एप्रिलपासून पहिल्यांदा.

"बरा शिवलायस गं," तो म्हणाला.

तेवढ्यावर नेस्टाने पाव भाजले, खीर केली, शेजारणीकडून साखर उसनी आणली आणि मंगळवारची वाट बघितली.

मंगळवार उघडा उजाडला. सातला माणसं आली आणि बाकांवर दोन्हीकडे पाय टाकून बसली. प्रत्येकाने आपली मेंढी मांड्यांत उताणी घेतली आणि कातरींचा करकर आवाज सुरू झाला. दोनशे दहाच मेंढरं बघून कुणी काही बोललं नाही. बर्फ सगळ्यांकडेच बसलं होतं. टॅलार या शेजारच्या घरचा म्हातारा गोरोन्वी जावयाला घेऊन आला होता. एकाहत्तर वर्षांचा, जिभेने तिखट, आणि आता कातरायला नजर पुरत नाही म्हणून मेंढरं धरायला उभा. येस्टिन टोपी घालून शिक्क्यापाशी आला तेव्हा कातरींचा आवाज क्षणभर मंदावला आणि मग मुद्दाम केल्यासारखा वाढला.

"आलास व्हय," गोरोन्वी म्हणाला. "मला वाटलं, सायेब आता बसूनच खानार."

"तुमच्यासारखं का, काका?" येस्टिन म्हणाला.

बाकांवर दोघं-तिघं हसले. नेस्टा लोकर गुंडाळायच्या फळीपाशी उभी होती, तिने मान खाली घातली. डोळे भरून आलेले कुणाला दिसायला नको होते.

पहिली मेंढी आली. येस्टिनने शिक्का बुडवला, झटकला, टेकवला. अक्षर स्वच्छ उमटलं. दुसरी, पाचवी, दहावी. पण तो सावकाश करत होता, दर वेळी कोपरापासून सगळा हात वळवावा लागत होता, आणि तो भांड्यापासून जरा लांबच उभा राहत होता. धगीपासून कातडी जपतोय, असं नेस्टाला वाटलं. माणसं कातरलेली मेंढी धरून रांगेत खोळंबायला लागली. कुणी कुरकुरलं नाही. उगाच हवेबद्दल बोलत होती, त्याच्याकडे न बघता. ती समजूतदार रांग नेस्टाला बघवेना. त्यात डांबर निवायला लागलं आणि एकविसावं अक्षर पुसट उठलं. इमरिसने लांबून ते बघितलं आणि मान फिरवली.

नेस्टा फळी सोडून गेली आणि पीटच्या खाली वाळलेल्या काटेरी झुडपाचा कवळाभर भारा सारून आली. तडतड करून जाळ धरला. आता डांबर पातळ राहील, पोराचा हात भराभर चालेल.

दोन मेंढ्या झाल्यावर येस्टिन थांबला. त्याच्या नाकपुड्या हलल्या.

"आई, डांबर लई तापलंय."

"असू दे. तू मार."

"तापलंय, आई. उतरव."

"लोक खोळंबल्यात रं," ती हळूच म्हणाली. "मार की."

त्याने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते तिला नंतर कितीतरी दिवस दिसत राहिलं. मग त्याने आईचं ऐकलं आणि शिक्का बुडवला.

भांडं उतू गेलं. काठावरून सांडलेलं डांबर विस्तवात पडलं आणि भक्‌कन माणूसभर उंच जाळ उठला. काळा धूर आवारभर लोटला. गोरोन्वी भांड्याच्या पलीकडे मेंढी धरून उभा होता. मेंढी त्याच्या हातून सुटून पळाली आणि म्हातारा धुराने खोकत तिथेच उभा राहिला.

येस्टिन ओरडला नाही. तो सरळ धुरात शिरला. बांधलेल्या शिक्क्याचा हात म्हाताऱ्याच्या काखेत घालून त्याने त्याला उचललं, आवार ओलांडून ओढत नेलं आणि मेंढरं धुवायच्या डोहात ढकललं. स्वतः त्याच्या अंगावर पडला. वाकड्या हाताने त्याच्या पाठीवर पाणी मारत राहिला, जिथे काही पेटलेलं नव्हतं तिथे. म्हातारा तोंडातून पाणी उडवत, शिव्या देत वर आला. कुणीतरी हसलंसुद्धा, घाबरून. सगळ्यांना वाटलं, झालं.

पण येस्टिन उठला आणि परत जाळाकडे चालत आला. पळत नव्हता. नेमकं कुठे जायचंय ते ठाऊक असल्यासारखा आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने डावा हात जाळात घातला.

"स्टॅन, हात दे," तो इंग्रजीत म्हणाला. घरात इंग्रजी कधी बोलली जात नसे. नेस्टाला ती बाजारापुरती समजायची, तेवढी पुरली. "माझा हात धर. धर ना. रॉय, तू थांब. आधी स्टॅन."

बारा घरांची माणसं कातरी हातात घेऊन उभी होती. एकाच्याही पायाला हलायचं सुचलं नाही.

इमरिस लंगडत आला आणि मागून पोराच्या कमरेला मिठी घालून त्याला मागे ओढलं. दोघंही उताणे पडले. नेस्टाने हाताला लागल्या त्या गुंडाळलेल्या लोकरी उचलून भांड्यावर टाकल्या, एक, दोन, चार. जाळ दबला. लोकर पेटत नाही, नुसती करपते. तो वास आवारात पसरला, केस आणि कातडं जळल्याचा. तो वास येस्टिनच्या नाकात गेला आणि तो कुशीवर वळून भडाभडा ओकला. मग हातातला शिक्का सोडवायला लागला. तो सुटेना. चामडं भिजून आवळलं होतं, बकलांवर डांबर थिजलं होतं. त्याने दातांनी टाके तोडायला घेतले. ओठ फुटले, तरी टाके तुटेनात. दुहेरी होते, मेणदोऱ्याचे.

नेस्टाने एकाच्या हातातली कातर हिसकून घेतली आणि आपले टाके आपणच कापले. घाईत एकदा कातर त्याच्या मनगटाला लागली. तिने शिवलेलं आजवर कधी उसवलं नव्हतं.

शिक्का दगडांवर पडून खणखणला.

सरकारचं पत्र नेस्टाच्या बायबलमध्ये होतं. रणगाड्याला आग लागून भाजला, एवढंच त्यात लिहिलं होतं. दोन वर्षं तिने मनात तो आत अडकलेला बघितला होता, आणि त्याला बाहेर काढलं म्हणून दर रविवारी देवाचे आभार मानले होते. आता तिला कळलं की तो अडकला नव्हता. तो बाहेर होता, धडधाकट, हातीपायी धड. हात त्याने नंतर आत घातले होते, आतल्या सोबत्यांसाठी, स्वतःहून. ज्या बोटांना ती रोज दोनदा वीस आकडे मोजत उलगडत होती, ती कशावर मिटली होती हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

इमरिसने येस्टिनला घरात नेलं. गोरोन्वी आवाराच्या मध्यावर उभा होता, मिशांतून पाणी गळत होतं. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"काय बघताय?" तो म्हणाला. "उरलेली मेंढरं काय आपली आपन कातरून घेनार हायत?"

माणसं बसली आणि कातरी पुन्हा चालू झाल्या. शेवटची मेंढी कातरल्याशिवाय कुणी उठायचं नसतं, तेवढं त्यांना माहीत होतं, आणि त्या वेळी तेवढंच माहीत होतं. शिक्क्याचं कुणी नाव काढलं नाही.

दुपारी नेस्टाने जेवण वाढलं. थंड मांस, नवे बटाटे, खीर. कुणी दुसऱ्यांदा मागून घेतलं नाही. गोरोन्वीची बायको ब्लॉडवेन ताटं विसळायला तिच्याशेजारी उभी राहिली.

"आज चांगली येळ म्हनायची, माझा म्हातारा निसता भिजला," ती म्हणाली. "राग मानू नगंस नेस्टा, पर त्येला धाड तिकडं, ब्रशांच्या कारखान्यात. तितल्या लोकांना ठावं असतंय. आपल्याला काय कळतंय ह्यातलं?"

"मी त्येला जाळाशी हुबा केला," नेस्टा म्हणाली. "मीच. त्यो दोनदा सांगत हुता."

ब्लॉडवेनला वाटलं ती धक्क्याने बरळतेय. तिने ओल्या हातांनीच नेस्टाचा खांदा थोपटला.

चार वाजता माणसं निघाली. एकेक जण फाटकाशी इमरिसला तेच सांगून गेला, आज आणखी हळू आवाजात. शुक्रवारी तू एकटाच ये. सोमवारी तू एकटाच ये. खुबा दुखत असंल तर तू बी नगं. इमरिस प्रत्येकाला मान हलवत होता. शेवटी गोरोन्वी उरला. जावयाचा कोट त्याच्या अंगावर होता, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

"परवा बेस्तरवारी माझी कातरनी," तो म्हणाला. "दोन."

"दोन कुठनं आनू, गोरोन्वी?"

"मी आज किती आलो? मी आन् जावई. किती झालं? शाळंत गेलतास न्हवं?"

"पर त्यो... तू बघितलंस की."

"मी बघितलं न्हाई, मी भिजलो," गोरोन्वी म्हणाला. "एकाहत्तर वर्सांत मला कुनी जाळातनं काढाया आलं न्हवतं. मी पेटलो न्हवतो ही गोष्ट येगळी. दोन, इमरिस. एक आला तर सावड मोडली म्हनीन आन् चॅपलात सांगीन." आणि म्हातारा पचपचत्या बुटांनी उतरणीला लागला.

संध्याकाळी तेल चोळायची वेळ झाली. चुलीवर किटली होती. नेस्टाने ती उतरवली, चुलीचं दार लावलं, आणि मग आपली खुर्ची उचलून दाराशी, वाऱ्यात, त्याच्या खुर्चीसमोर नेली. डाव्या तळहाताला फोड आले होते, त्याला तिने फडकं बांधलं. उजवा हात घेतला.

"दोनदा सांगितलंस मला," ती म्हणाली. "मी ऐकलं न्हाई. लोकांची लाज वाटली मला. माझं चुकलं, बाळा."

येस्टिन अंगणात बघत होता. कातरलेली मेंढरं पांढरीफटक, पहिली वीस-बावीस सोडून सगळी बिनशिक्क्याची, बांधाशी उभी होती. तशी डोंगरावर सोडली तर महिन्यात कुणाची कोण कळणार नाही.

"पट्टा चांगला हुता," तो म्हणाला. "निसता सुटत न्हवता."

"पडू नये म्हनून शिवला."

"पडू द्यायचा, आई. माझ्या हातनं काय बी पडलं तर पडू द्यायचं."

ती मोजायचं विसरली होती. त्याने आपणच बोट लांब केलं, तेव्हा तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सहा, सात.

"स्टॅनचा हात घावला हुता मला," येस्टिन म्हणाला. "चांगला घट्ट धरला हुता त्येनं. वडला, वडला, न्हाई आला. मंग मी सोडला."

बारा, तेरा.

"त्येनं न्हाई सोडला. मी सोडला. हे कुनाला सांगितलं न्हाई मी. तितं बी न्हाई. कुनी इचारलंच न्हाई. समदी म्हनायची, नशीबवान हायस."

नेस्टाला कितीतरी बोलायचं होतं. देवाचं नाव घ्यायचं होतं, तुझा काय दोष म्हणायचं होतं. त्याऐवजी तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि वीस झाल्यावर सोडला नाही. मग त्यानेच जरा ओढला, तेव्हा सोडला.

बुधवारी बापलेकांनी मेंढरांवर गेरूची खूण केली. गेरू थंडा असतो, तेलात कालवून फडक्याने लावायचा. पहिल्या मोठ्या हिवाळ्यात धुऊन जातो आणि डोंगरावर त्याला कुणी खूण मानत नाही, पण बिनखुणेपेक्षा बरा. कारखान्याचं पत्र कपाटावर होतं तिथेच होतं. येस्टिनने ते एकदा खाली काढून वाचलं आणि परत ठेवलं.

गुरुवारी सकाळी नेस्टा दूध काढून आली तेव्हा दोघं फाटकाशी उभे होते. तिने काही शिवलं नव्हतं, काही बांधून दिलं नाही. टोपी घातलीस का, एवढंही विचारलं नाही. दिवसभर मात्र दर थोड्या वेळाने ती बाहेर येऊन टॅलारच्या अंगाला धूर दिसतोय का बघत होती. सकाळी धूर होता. म्हणजे म्हाताऱ्याने भांडं पेटवलं होतं. दुपारी पुन्हा बघितलं तर धूर नव्हता. का नव्हता, ते तिला सांगायला कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिने एकही काम पुरं केलं नाही.

सहाच्या सुमाराला इमरिस एकटा वर आला. तिने त्याच्या मागे बघितलं. रस्ता रिकामा होता.

"कुठाय त्यो?"

"येतोय. खाली जावयासंगं बोलत हुबा ऱ्हायलाय." इमरिस बाकावर बसला, दुखरा पाय लांब केला आणि बूट काढायला लागला. त्याला एक बूट काढायलाही भारी वेळ लागायचा.

"सांग की," नेस्टा म्हणाली.

"काय सांगू. भांडं त्येनं गोठ्याच्या मागं मांडलं हुतं, भितीच्या आड, वाऱ्याच्या उलट अंगाला. गोरोन्वीनं. आपला येस्टिन हिकडं मेंढरं धरत हुता, कोपरांनी. दोन सुटली हातनं. कुनी काय बोललं न्हाई, ह्योच हसला." इमरिसने बूट खाली ठेवला. "दुपारच्याला गडी काम टाकून ताठ हुबा ऱ्हायला. नाक असं केलं. समद्यांच्या कातरी थांबल्या. पांढराफटक पडला हुता, बग. तसाच चालत गेला गोठ्यामागं."

नेस्टाने दाराची चौकट धरली.

"मी मागनं गेलो. तर जाळापास्नं धा पावलांवर हुबा. पुढं जाईना आन् मागं येईना. आन् गोरोन्वीला म्हनतोय, काका, डांबर लई तापलंय."

"मंग?"

"मंग काय? तुला ठावं हाय त्यो म्हातारा. आजवर त्येच्या डांबराला कुनी नाव ठिवलंय का? बायकोचं ऐकलं न्हाई कदी." इमरिस दुसऱ्या बुटाकडे वाकला, पण त्याला हात लावायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. "म्हाताऱ्यानं शिक्का टाकला खाली. आन् भांडं उतरवलं."

खाली फाटकाची कडी वाजली.